वहीत नसलेला महिना

"वहिनी, गौरी यायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या हातात दिले होते ना हो? पंचेचाळीस. रुमालात बांधून आणले होते."

तिनं हे मला आमच्याच घरात, आमच्या लादीवर बसून विचारलं. तिच्यासमोर माझा वकील मुलगा बसला होता, शेजारी त्याला हिशेब शिकवायला येणारे तळमजल्यावरचे म्हातारे हिशेबनीस. खाटेवर माझा नवरा. चौघंही माझ्याकडं बघत होते. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मला नाही आठवत."

मला आठवत होतं. रुमाल निळ्या काठाचा होता, नोटा पिठानं माखलेल्या होत्या. त्या पंचेचाळीस रुपयांवर तिची खोली राहणार की जाणार हे ठरायचं होतं, तेही मला माहीत होतं. चौथी शिकलेली बाई, तिला काय कळणार, असं कुणी समजू नये. मला सगळं कळत होतं.

गिरण्यांच्या संपानंतर तीन-चार वर्षांनी घडलेली ही गोष्ट. आम्ही अंधेरी पूर्वेला मरोळच्या रस्त्यालगतच्या चाळीत राहायचो आणि ती आमच्या मागच्या चाळीत. नवरा वारलेला, मूल नाही. मरोळच्या एका कारखान्याच्या कँटीनला ती रोज चपात्या लाटून द्यायची, म्हणून सगळे तिला चपातीवालीच म्हणायचे. चाळीच्या मालकाला चाळ पाडून इमारत बांधायची होती. त्यानं तिच्याकडून भाडं घेणं बंद केलं. ती पैसे घेऊन जायची, तो दार उघडायचा नाही. असे सव्वीस महिने गेले, आणि मग भाडं थकवलं म्हणून त्यानंच तिच्यावर वांद्र्याच्या कोर्टात दावा लावला. तेव्हा पुष्कळ मालक असंच करायचे.

तिला माझ्या मुलाकडं मीच आणली. "घरातलाच वकील असताना बाहेर कशाला पैसे घालतेस?" असं मीच तिला म्हटलं होतं. 'घरातलाच' म्हटल्यावर ती रडली होती.

मुलगा तेव्हा नवा वकील. पार्ल्यातल्या एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली चार वर्षं काढून नुकताच सुटा झालेला. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात काळा कोट घालणारा तो पहिला. नवऱ्याची गिरणी बंद पडली होती आणि तो खाटेला लागला होता. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घर चालायचं ते मुलाच्या पैशावर.

आम्हा कोकणातल्या लोकांत मुलगा कमाई आईच्या हातात देतो. माझा नवरा त्याच्या आईला पगाराचं पाकीट न फोडता द्यायचा, ती ते देवापुढं ठेवायची आणि त्यातून त्याला विडीला पैसे काढून द्यायची. मुलानं तेच केलं. संध्याकाळी आला की खिसे उलटे करायचा, सगळं माझ्या हातावर. मी देवापुढं ठेवायची, मग डब्यात. सकाळी त्याला बसचे पैसे द्यायची. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "वकील झाला तरी आईचा राहिला गं." ते ऐकून मी फुगायची.

गिरणीच्या पाकिटात सगळे पैसे आपले असतात. वकिलाच्या खिशात दुसऱ्याचेही असतात. आमच्या घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलाला ठाऊक असायला हवं होतं. पण पार्ल्याच्या वकिलांकडं पैशाचं सगळं कारकून बघायचा, आणि कॉलेजात कायदा शिकवला, वही कशी ठेवायची ते कुणी शिकवलं नाही.

कोर्टानं सांगितलं की बाईनं थकलेले अकराशे सत्तर रुपये कोर्टात भरावेत आणि दावा चालेपर्यंत दर महिन्याला पंचेचाळीस न चुकता भरत राहावेत. तसं केलं तर खोली वाचेल. तिनं अकराशे सत्तर आणून मुलाला दिले. कुठून आणले ते मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी मुलानं ते माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "आई, हे तिच्या भाड्याचे आहेत. कोर्टात भरायचेत. बाजूला ठेव."

"ठेवते," मी म्हटलं, आणि डाळीच्या डब्याखाली ठेवलेही. दोन आठवडे त्याला सवड झाली नाही. मग मी सोनाराकडं गेले आणि मुलीच्या कुड्या घेऊन आले.

त्यानं मागितले तेव्हा मी म्हणाले, "अरे, लग्न ठरलंय. पोरीच्या कानात काय दोरा घालू? पुढच्या फीमधून भर ना."

तो जरा उभा राहिला. म्हणाला, "बरं."

पुढं दर महिन्याला ती पंचेचाळीस रुपये आणून त्याला द्यायची. तिच्याकडं एक छोटी वही होती, दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून ठेवलेली. तीत तो 'भाड्याचे रु. ४५' असं लिहून सही करायचा. संध्याकाळी ते माझ्या हातात. पहिल्या महिन्यात त्यानं सांगितलं, बाजूला ठेव. पुढच्याही महिन्यात सांगितलं. मग सांगायचं सोडलं. दूधवाल्याचं बिल साधारण तेवढंच व्हायचं. त्याच्या डोक्यात होतं की मोठी फी आली की सगळं एकदम भरून टाकू. मोठी फी काही आली नाही.

वीस महिन्यांनी निकाल लागला. तो घरी आला, बूट न काढता उंबऱ्यावर बसला.

"तिचा निकाल लागला," म्हणाला.

"काय लागला?"

"खोली खाली करा. एक रुपयाही भरलेला नाही म्हणाले."

"मग आता भर की."

"आता काय भर, आई! आता!" असा तो माझ्यावर पूर्वी कधी ओरडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो पार्ल्याला जुन्या साहेबांकडं गेला. काय झालं ते त्यानं परत येऊन सांगितलं. साहेब म्हणाले, अजून अपिलाची मुदत आहे. प्रतिज्ञापत्रात खरं लिही, बाईनं पैसे दिले होते, मी भरले नाहीत. वकिलाच्या चुकीसाठी कोर्ट बाईला घराबाहेर काढणार नाही कदाचित. तुझी सनद धोक्यात येईल, ती आलीच पाहिजे. पण महिन्यावार हिशेब जोडावा लागेल, तुझी वही आण. मुलगा म्हणाला, वही नाही. तेव्हा साहेब म्हणाले, "न्हाव्याकडंसुद्धा वही असते रे. तू कशाचा वकील?"

तळमजल्यावर एक म्हातारे राहायचे. गिरणीत चाळीस वर्षं पगाराचा हिशेब लिहिलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मुलगा त्यांच्याकडं गेला. ते म्हणाले, "रविवारी येतो. वहिनींना सांग, बांगड्याचं कालवण पाहिजे. पैसे घेणार नाही, तुझ्याकडं ते दुसऱ्याचे असतात."

असे चार रविवार ते आले. पहिल्या रविवारी त्यांनी माझे तीन पेले मागून घेतले आणि लादीवर ओळीनं मांडले.

"हा तुझा पेला, हा अशिलाचा, हा घराचा. आज तुला बाईनं पन्नास रुपये दिले. पाच फीचे, पंचेचाळीस भाड्याचे. बोल वकीलसाहेब, तुझ्याकडं किती आले?"

"पन्नास."

"चूक."

"अहो, रोख पन्नास आले ना खिशात?"

"खिशात आले. तुझे किती?"

"पाच."

"आणि बाकीच्या पंचेचाळिसांनी तू श्रीमंत झालास का कर्जदार?"

मुलगा विचार करायला लागला. एवढा शिकलेला, आणि विचार करायला लागला. "श्रीमंत नाही... पण पैसे तर जमा झाले."

"कर्जदार, गाढवा! जितके जास्त देतील तितका मोठा कर्जदार. कायद्याची एवढी पुस्तकं वाचलीस ती काय उशाला घेऊन?"

खाटेवरून नवरा हसला. मुलाला ते नीट कळायला दोन रविवार लागले. आलेला पैसा म्हणजे देणं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. मला पहिल्याच रविवारी कळलं, कारण मी चाळीतल्या बायकांची भिशी चालवायची. भिशीचा डबा वेगळा होता. घरात मीठ नव्हतं त्या दिवशीही मी त्या डब्याला हात लावला नाही. तो पैसा माझा नाही हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. भिशीच्या बाया हिशेब चुकला तर दारात येऊन झिंज्या उपटणाऱ्या होत्या. चपातीवाली उपटणार नव्हती. एवढाच फरक.

तिसऱ्या रविवारी अण्णांनी वहीत तिचं खातं उघडायला लावलं. मुलाच्या कोर्टाच्या डायरीत कोपऱ्यात टिपलेल्या तारखांवरून तिनं दिलेले पैसे एका बाजूला लिहून झाले. मग म्हणाले, "आता हे गेले कुठं ते लिही."

मुलानं लिहिलं, 'घरखर्च'.

"घर म्हणजे कोण? घराला हात असतात? कुणाच्या हातात दिलेस?"

मुलानं 'घरखर्च' खोडलं.

"नवं पान घे. वर लिही, आई."

माझ्या हातातलं काम थांबलं. "माझ्या नावानं कशाला? फी म्हणून लिही की. फी मिळाली, घरी दिली, संपलं."

"वहिनी, तिच्या वहीत ह्यानंच 'भाड्याचे' लिहून सही केलीय. आणि फी लिहिली तर तिनं भाडं दिलंच नाही असं होईल. खोली जाईल."

"आणि हे लिहिलं तर ह्याची सनद जाईल. मग आम्ही खायचं काय?"

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. मी हो म्हटलं असतं तर त्यानं फी लिहिलं असतं, असं मला वाटतं. तेवढ्यात खाटेवरून नवरा बोलला, "लिव. घेतलान ना तिणां? मग लिव."

त्यानं लिहिलं. एका पानावर वर 'आई' आणि खाली तारखा. पहिल्या ओळीत अकराशे सत्तर. मग पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस. चार यत्ता मला हे पान वाचण्यापुरत्या झाल्या होत्या असं तेव्हा वाटलं.

चौथ्या रविवारी चपातीवालीला बोलावलं. तिची छोटी वही आणि मुलाची मोठी वही शेजारी ठेवून ताळा पाहायचा होता. तिला वाचता येत नव्हतं. अण्णा एकेक ओळ वाचत होते, ती मान हलवत होती. अकराशे सत्तर. बरोबर. मग पंचेचाळिसांच्या ओळी. दोन्ही वह्यांत एकोणीस. बेरीज दोन हजार पंचवीस. अण्णांनी पेन खाली ठेवलं. "जुळला. पैशाचाही फरक नाही. शिकलास रे वकिला."

मुलगा खूप दिवसांनी हसला. आणि मग बोटांवर महिने मोजायला लागला. जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर.

"अण्णा, महिने वीस होतात. ओळी एकोणीस आहेत."

अण्णांनी वही परत ओढली. पहिल्या वर्षाचा सप्टेंबर नव्हता. दोन्ही वह्यांत नव्हता, म्हणून बेरीज जुळली होती.

"एक महिना राहिला होता का तुमचा?" मुलानं तिला विचारलं.

"छे हो. मी एकदा जेवले नाही, पण भाडं चुकवलं नाही."

"बघा आठवून. आपण आता भरताना तोही भरू, पण दिला नव्हता असं दिसलं तर अवघड आहे. माझी चूक मी कबूल करतोय. ही तुमची धरतील."

ती आठवत बसली. मग तिचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही गावाला गेला होता ना गणपतीला. मी वहिनींकडं दिले." आणि माझ्याकडं वळून तिनं ते विचारलं, जे मी सुरुवातीला लिहिलं आहे.

खरं असं. त्या वर्षी मुलगा खाटेवरच्या बापाला हाताला धरून गणपतीला गावी घेऊन गेला होता. मुलीला कावीळ झाली होती म्हणून मी मागं राहिले. गौरीच्या आदल्या दिवशी दुपारी ती दारात आली. मुलगी आत झोपली होती. तिनं रुमाल सोडून पैसे माझ्या हातात दिले आणि ती छोटी वहीही पुढं केली. मी म्हणाले, "सही वकील आल्यावर घे." ती बरं म्हणाली. मुलगा आठ दिवसांनी आला. मी त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, आपल्या वहीत काय आहे न काय नाही ते तिला कळायचं नाही, आणि वहिनींच्या हातात दिलेल्या पैशाची सही मागायची तिला लाज वाटली असणार.

ते पंचेचाळीस मी कशावर खर्च केले ते मात्र मला खरंच आठवत नाही. त्या दिवशीही आठवलं नव्हतं, पुढंही कधी आठवलं नाही.

मी "नाही आठवत" म्हटल्यावर ती म्हणाली, "असं काय करता वहिनी? तुम्ही म्हणालात, सही वकील आल्यावर घे."

"तू दुसऱ्या कुणाला दिले असशील."

"दुसऱ्या कुणाला मी भाडं का देईन?"

मुलगा म्हणाला, "आई, नीट आठव. तुला कोर्टात येऊन सांगावं लागेल फक्त. दोन वाक्यं."

तीच दोन वाक्यं मला सांगायची नव्हती. मुलानं पैसे आणून आईला दिले, ह्यात मुलाची चूक होती. आईनं परस्पर घेतले आणि मुलालाही सांगितलं नाही, ह्यात फक्त माझी होती. बावीस बायका माझ्याकडं भिशी ठेवत होत्या. आईच्या पानावर आधीच वीस ओळी होत्या. एकविसावी मला नको होती.

मी म्हणाले, "आठवत नाही म्हणजे नाही. तिच्या बोलण्यावरून आईवर संशय घेणार काय?"

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. जेवायला वाढलेलं होतं, ते जेवले नाहीत. तिनं आपली वही परत दुधाच्या पिशवीत घातली आणि उठताना मलाच म्हणाली, "राहू दे वहिनी. होतं असं माणसाचं. तुमची मुलगी तेव्हा आजारी होती." म्हणजे ती मला सोडवत होती. मला तिचा राग आला.

दोघं गेल्यावर आणि मुलगा बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "तुका आठवता. माका म्हायत आसा."

"गप पडून राहा," मी म्हटलं.

मी भिशीचा माझा नंबर आधी मागून घेतला, दोन बांगड्या मोडल्या, आणि अपिलाबरोबर ते अकराशे सत्तर आणि वीस महिन्यांचे सगळे पैसे भरले. मुलानं प्रतिज्ञापत्रात अकराशे सत्तरची आणि एकोणीस महिन्यांची चूक आपल्यावर घेतली. विसाव्याबद्दल त्यानं लिहिलं, दिल्याचं बाई सांगते, नोंद नाही. न्यायाधीश म्हणाले म्हणे, वकिलाचं पाप बाईच्या माथी मारणार नाही, पण एक महिना तिचा स्वतःचा चुकलेला दिसतो, आणि न चुकता म्हणजे न चुकता. अपील फेटाळलं. भरलेले पैसे थकबाकी म्हणून मालकाला मिळाले. खोलीही त्यालाच मिळाली.

कोर्टाचा माणूस आला त्या दिवशी मी मागच्या चाळीत गेले. न जाऊन भागलं नसतं, बायकांनी विचारलं असतं. तिचं सामान गॅलरीत काढलं होतं. परात, दोन पोळपाट, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा. डबा उचलताना कोर्टाच्या माणसाच्या काळ्या पँटला पीठ लागलं, तर तिनं पदरानं पुसायला घेतलं. तो म्हणाला, "राहू द्या मावशी." मी पोळपाट उचलून टेम्पोत ठेवले. ती नालासोपाऱ्याला भावाकडं गेली. तिथून मरोळला पहाटेच्या चपात्यांना पोचणं जमेना, तेव्हा ते कामही सुटलं.

मुलाची सनद राहिली. तिनं तक्रार केली नाही. पार्ल्याचे साहेब पुन्हा त्याच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या पहिल्या तारखेला मुलानं बँकेत दोन खाती उघडली, एक अशिलांचं आणि एक स्वतःचं. त्या दिवसापासून त्यानं माझ्यापुढं खिसे उलटे केले नाहीत. घरखर्चाची ठरलेली रक्कम आणि वही माझ्यासमोर ठेवली. "सही कर," म्हणाला. मी केली. आजही दर पहिल्या तारखेला करते. सून हसते, म्हणते, आईंची पण सही लागते का हो? तो म्हणतो, लागते. एवढंच. त्यानं मला त्या महिन्याबद्दल परत कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आता त्याच्याकडं नवे वकील शिकायला येतात. तो लादीवर तीन पेले मांडतो आणि विचारतो, तुझ्याकडं किती आले? चुकले की गाढव म्हणतो. पेले माझेच आहेत.

अण्णा गेले. नवरा गेला. चपातीवाली नालासोपाऱ्याला दीड वर्ष जगली. तिच्या भावानं पोस्टकार्ड टाकलं होतं, ते मीच वाचलं, कारण दारात मीच होते.

गौरीच्या आदल्या दिवशीही दारात आम्ही दोघीच होतो. त्यातली मी जिवंत आहे.